मोडल्या हाडांचा सोयरा : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आपल्याकडे कुणाचा पाय मोडला किंवा खांदा निखळला म्हणजे घरात दोन मते पडतात. थोरली माणसे पंचक्रोशीतल्या हाडवैद्याचे नाव काढतात आणि शिकलेली मुले सोलापूर गाठायचा आग्रह धरतात. आता धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले असले, तरी अवघड दुखण्याला सोलापूरची वाट धरायची ही तुळजापूर-नळदुर्ग-उमरगा भागातली जुनी रीत अजून मोडलेली नाही. तुळजापूरहून सोलापूर अवघे पंचेचाळीस किलोमीटर. या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता व सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. द्वारकानाथ पुढे शल्यचिकित्सक झाले, शेकडो माणसांचे हातपाय त्यांनी वाचविले. पण सोलापुरात त्यांचा दवाखाना काही निघाला नाही. ज्यांची हाडे त्यांनी बसविली ती माणसे हजारो मैलांवरची, परभाषेची होती.

कोटणीसांचे नाव आपल्या पिढीला ठाऊक आहे ते बहुतांशी व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. चित्रपटाने त्यांना नायक केले, आणि ते योग्यच झाले. परंतु नायक म्हटला की त्याचे रोजचे काम पडद्याआड जाते. कोटणीस नेमके काय करीत असत? सकाळी उठल्यापासून मध्यरात्रीपर्यंत त्यांच्या हातांना कोणते काम होते? चिघळलेल्या जखमा धुणे, मोडलेले पाय सरळ करून बांधणे, हाडात रुतलेले लोखंडाचे तुकडे काढणे आणि कधीकधी नाइलाजाने पाय कापणे, हे ते काम. त्यांचे चरित्र पुष्कळांनी सांगितले आहे; या लेखात ते या कामाच्या बाजूने पाहावयाचे आहे.

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. द्वारकानाथांचे वडील गिरणीत नोकरीला होते. घरात मुलेमुली मिळून आठ भावंडे. अशा घरातून एक मुलगा डॉक्टरकीला पाठविणे म्हणजे काय असते हे आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगायला नको. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. परळचे हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले, आणि तेथे शिकविणारे सरकारी नोकरीत नसलेले भारतीय डॉक्टरच असावेत अशी देणगीदारांची अट होती. इंग्रजी अमदानीत ही लहान गोष्ट नव्हती. देशी प्राध्यापकांच्या हाताखाली, स्वाभिमानाच्या हवेत ही मुले घडली.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. त्या काळी अस्थिव्यंगचिकित्सा ही वेगळी शाखा म्हणून आपल्या देशात रुजलेली नव्हती. भारतातील अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना स्थापन झाली ती १९५५ साली. तोपर्यंत पोट उघडणारा आणि मोडलेली मांडी बसविणारा सर्जन एकच असे. कोटणीस पदवीनंतर पुढील परीक्षेच्या तयारीत होते, म्हणजे अनुभवाने तसे कोवळेच.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर पूर्ण तयारीनिशी आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून बावीस हजार रुपये जमले. डॉक्टर निवडले गेले पाच : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस. पथकाचे प्रमुख अटल यांनी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा केलेली होती, त्यामुळे गोळीने फुटलेले हाड कसे दिसते हे त्यांना ठाऊक होते. कोटणीसांचे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथक मुंबईहून निघाले व त्याच महिन्यात कँटनला उतरले.

हँको, इचांग, चुंगकिंग असा प्रवास झाला. बाँबहल्ले चालूच होते आणि जपानी फौजा पुढे सरकतील तसतशी रुग्णालये मागे सरकत होती. चुंगकिंगला पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीन देशाचा अर्थ असलेले ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. त्याच गावी १९३९ च्या जानेवारीत त्यांना सोलापूरहून बातमी आली की वडील वारले. घरची ओढगस्त, लहान भावंडे. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला व तो कुणीही दिला असता. कोटणीसांनी पत्करलेले काम पुरे करावयाचे ठरविले. घराचे त्यांच्यावर ऋण नव्हते असे नाही. ते ऋण फेडण्यासाठी परत फिरायचे की नाही हा निर्णय त्यांना परक्या गावी, एकट्याने घ्यावा लागला. मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत कठीण क्षण हाच वाटतो. पुढे तोफांच्या आवाजात घेतलेले निर्णय त्या मानाने सोपे असावेत.

फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. डोंगरात खोदलेल्या गुहा हीच तेथली घरे आणि हेच रुग्णालय. तेथील कामानंतर वर्षअखेर कोटणीस, अटल व बसू आघाडीकडे निघाले. चोळकर व मुखर्जी त्याआधीच परतले होते. अटलही १९४० मध्ये प्रकृतीमुळे मायदेशी आले. उरले दोघे.

आता कामाकडे येऊ. युद्धात जखमी होऊन जिवंत हाती लागलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांच्या जखमा हातापायांच्या असतात. डोक्यात वा छातीत गोळी लागलेला बहुधा रणांगणावरच संपतो. म्हणून रणभूमीवरचा सर्जन हा निम्माशिम्मा हाडांचा डॉक्टर होतोच, त्याने ठरवो वा न ठरवो. त्यातून उत्तर चीनच्या डोंगरी खेड्यांत वीज नव्हती, मग क्षकिरण यंत्र असून तरी काय कामाचे? मोडलेले हाड डोळ्यांनी व बोटांनीच ओळखावे लागे.

ही विद्या समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्याही उपयोगाची आहे. जखमीचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहावे. एक आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असेल, तर मांडीचे किंवा खुब्याचे हाड गेले असे धरावे. हाडाच्या रेषेवरून बोट हळूहळू दाबत नेले असता एका नेमक्या जागी कळ उठली, तर मोड तेथे आहे. जेथे सांधा नाही तेथे अवयव हलत असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. घोटा मुरगळला असेल तर सूज पुष्कळ येते, पण दुखरी जागा हाडावर नसते, सांध्याच्या बाजूच्या बंधांवर असते. खांदा निखळला असेल तर खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसतो आणि रोगी दुसऱ्या हाताने आपला हात जपून धरतो. एवढे पाहून झाले तरी तपासणी संपत नाही. खरा डॉक्टर मोडीच्या खालच्या भागाकडे वळतो : पावलावरची नाडी लागते का, बोटे गरम आहेत का, हलतात का, टोचलेले कळते का. हाड जोडायला पुढे महिने आहेत. रक्तपुरवठा तुटला असेल तर हातात काही तासच असतात.

मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत मोठे व बळकट हाड. ते मोडले म्हणजे मांडीचे दणकट स्नायू दोन्ही टोके एकमेकांवर ओढून घेतात. टोकदार हाड मांसात घुसते, रक्तवाहिन्या फाडते. वरून काही दिसत नाही, पण आतल्या आत लीटर-दीड लीटर रक्त साचते. असा माणूस बैलगाडीत घालून खाचखळग्यांतून नेला तर प्रत्येक हिसक्यागणिक रक्त वाढते आणि तो वाटेतच संपतो.

या दुखण्यावरचा तोडगा लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस या डॉक्टराने काढला. थॉमस यांची कथा आपल्या हाडवैद्यांनी जरूर ऐकावी अशी आहे. त्यांचे घराणे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या पिढीजात हाडवैद्यांचे. वडिलांना पदवी नव्हती. पदवीधरांनी त्यांना कोर्टकचेऱ्यांनी बेजार केले. वैतागून त्या गृहस्थांनी आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केले. त्यांतले थोरले ह्यू. हातात पिढीजात कसब आणि खिशात पदवी. त्यांनी घरीच लोहार व चामड्याचे काम करणारा कारागीर ठेवला आणि एक पट्टी घडविली. जांघेत बसणारे गुंडाळलेले लोखंडी कडे, त्याला पायाच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या दोन सळ्या, आणि पाय खाली ओढून बांधायची सोय, एवढीच तिची रचना. मूळ हेतू गुडघ्याच्या क्षयाला विश्रांती देण्याचा होता. थॉमस १८९१ मध्ये वारले तेव्हा मोठ्या रुग्णालयांनी या पट्टीकडे फारसे लक्ष दिले नव्हते. त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात ती आघाडीवर नेली. १९१६ मध्ये मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या शंभर ब्रिटिश सैनिकांत सुमारे ऐंशी दगावत. जखमी उचलण्यापूर्वीच पट्टी बांधण्याची पद्धत पडल्यावर युद्ध संपेपर्यंत हा आकडा विसाच्या आसपास उतरला. औषध तेच, सर्जन तेच. फरक पाय ओढून स्थिर ठेवण्याचा होता. आजही आपल्या रुग्णालयांच्या अपघात विभागात ही पट्टी पाहायला मिळते.

चीनच्या डोंगरांत ही विद्या आणली ती कॅनडाचे नॉर्मन बेथून यांनी. तेही स्पेनमध्ये काम करून आलेले. त्यांनी गावच्या सुतार-लोहारांना हाताशी धरून पाय बांधायच्या पट्ट्या करवून घेतल्या. शंभर शस्त्रक्रियांना पुरेल एवढे सामान एका खेचराच्या पाठीवर मावेल असे खोगीर त्यांनी बनविले, आणि जेथे युद्धाची ठिणगी पडली त्या लुकोचिआव पुलाचे नाव त्याला दिले. जखमी डॉक्टरकडे येण्याची वाट पाहायची नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचे, हा त्यांचा मुख्य दंडक. १९३९ च्या एका लढाईत त्यांनी एकोणसत्तर तासांत एकशे पंधरा शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते गेले. कोटणीस व बेथून यांची भेट झाली नाही. कोटणीसांच्या वाट्याला त्यांची पद्धत व त्यांचे अपुरे काम आले.

१९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस व बसू जपान्यांच्या वेढ्यातून वाट काढीत त्या डोंगराळ सीमाप्रदेशात पोचले. २० ऑगस्टला चिनी सैन्याने मोठी चढाई सुरू केली. इतिहासात ती शंभर पलटणींची मोहीम म्हणून ओळखली जाते. दोघा भारतीय डॉक्टरांना वेगवेगळ्या आघाड्या दिल्या गेल्या. तेरा दिवस चाललेल्या एका लढाईत कोटणीसांच्या पथकाकडे आठशेंहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी पाचशेंहून अधिकांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यात तीन दिवस व तीन रात्री त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. शस्त्रक्रियेची जागा म्हणजे आघाडीपासून जवळचे एखादे देऊळ नाहीतर कुणाचे तरी घर.

एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न पडेल. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा शरीरात शिरताना कपड्याच्या चिंध्या व माती बरोबर नेतो. पहिले सहा-आठ तास ही घाण जखमेतच असते. त्या वेळात जखम उघडून मेलेले मांस कापून काढले, सैल झालेले हाडांचे तुकडे वेचले व भरपूर पाण्याने धुतले तर पाय वाचतो. पुढे जंतू मांसात पसरतात. मग पायात वायू धरतो, तो काळानिळा पडतो आणि माणूस वाचवायचा तर पाय द्यावा लागतो. मेलेले मांस ओळखायचीही खूण असते : ते कापले तर रक्त येत नाही आणि चिमट्यात धरले तर आकसत नाही. अशी जखम स्वच्छ केल्यावर लगेच शिवायची नसते, हे तर सामान्य माणसाला उलटेच वाटते. पण उघडी ठेवून, वर पट्टी देऊन, अवयव स्थिर बांधून चार-पाच दिवसांनी शिवली तरच ती आत सडत नाही. पेनिसिलिन सैन्यांच्या हाती पडले ते १९४३ नंतर. कोटणीसांच्या हयातीत ते पोचलेच नाही. त्यांच्याजवळ होते धारदार पाते, उकळलेले पाणी आणि वेळेवर पोचणारे पाय.

पाय ठेवायचा की कापायचा हा निर्णय घ्यायचा असतो तेव्हा समोर बहुधा वीस-बावीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा असतो. पाय गेला तर नांगर गेला. पाय ठेवावा आणि विष अंगात भिनले, तर पोरगाच गेला. पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. कंदिलाच्या उजेडात ते तसे राहत नाही. आणि पाय वाचला तरी पुढे महिनोन्महिने हाडातून पू वाहत राहणे, आतले मेलेले हाड पुन्हा उघडून काढावे लागणे, वाकडे जुळलेले हाड, आखडलेला गुडघा ही सारी लचांडे मागे लागतात. आघाडीमागच्या रुग्णालयात कोटणीसांचे जे दिवस गेले ते या असल्या चिवट, कंटाळवाण्या दुखण्यांशी झगडण्यात. चित्रपटात दाखवायला यात काही नाही.

येथे थोडे आपल्याकडच्या हाडवैद्यांविषयी बोलणे अप्रस्तुत होणार नाही. त्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. साध्या मोडीत, हाड जागचे हललेले नसताना, बांबूच्या कामट्यांचा आधार देऊन हात गळ्यात अडकवणे ही उपचाराची मूळ कल्पना बरोबरच आहे; थॉमस यांचे घराणे याच कुळीचे. चूक होते ती आवळण्यात. मोडीनंतर दोन दिवस सूज वाढत असते. वर कामट्या घट्ट असतील तर सुजेला जागा मिळत नाही आणि आतल्या रक्तवाहिन्या दबतात. बोटे थंड पडली, बधिर झाली, सरळ करताना असह्य कळ आली, तर पट्टी त्या क्षणी सोडली पाहिजे. ती सोडावी तर हाड हलेल या भीतीने लोक सोडत नाहीत, आणि चिंचेवरून पडलेल्या पोराचा कोपर दुखायचा तो कायमचा वाकडा पंजा होऊन बसतो. कोपराला मार लागल्यावर तेलाने जोराने चोळणे हाही तसाच घातक प्रकार. चोळल्याने तेथे मांसातच हाड धरते व सांधा आखडतो. कोटणीसांनी तयार केलेल्या शिकाऊ मुलांत शेतकऱ्यांची पोरे पुष्कळ होती. अल्पशिक्षित माणसाला नेमके शिकवले तर तो हे काम उत्तम करतो, हे तेथे सिद्ध झाले होते. आपल्याकडे हाडवैद्यांना असे शिकवण्याचा विचार कितीसा झाला?

आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोण विसरेल? गणेशविसर्जन करून लोक झोपले होते. चार वाजायच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. लातूर आणि आपला, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली; जखमी त्याहून कितीतरी अधिक. जखमींना उमरगा, लातूर, सोलापूरकडे हलविण्यात आले. भिंतीखाली सापडलेल्या माणसाचे दुखणे हे बहुतांशी हाडांचेच असते. पाठीचा कणा दुखावलेला माणूस हातापायांना धरून झोळीसारखा उचलला, तर जे दुखणे कदाचित बरे झाले असते ते जन्माचे होऊन बसते. तो फळीवर वा दारावर, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, चौघांनी एकदम उचलावा लागतो. मोडलेला पाय दुसऱ्या चांगल्या पायाला बांधला तरी ती वाटेपुरती पट्टी होते. ज्या जिल्ह्यावर असा प्रसंग येऊन गेला तेथे हे ज्ञान प्रत्येक महाविद्यालयातल्या मुलामुलींना असायला हवे, असे मला राहून राहून वाटते.

असो. १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख करण्यात आले. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. शत्रूची चाहूल लागली की रोगी, औषधे, पुस्तके पाठीवर घेऊन दुसऱ्या गावी जायचे. शेजारच्या वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रियाशास्त्र शिकवीत, आणि तेही चिनी भाषेत. आपण कला शाखेचे विद्यार्थी दोन भाषा शिकताना कुरकुरतो. या माणसाने तिशीत चिनी लिपीशी झुंज घेतली, त्या भाषेत रोग्याशी बोलण्याइतकेच नव्हे तर व्याख्यान देण्याइतके प्रभुत्व मिळविले. रोग्याला कुठे दुखते हे दुभाष्यामार्फत विचारले तर अर्धे निदान तेथेच हरवते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले असणार.

गावकरी त्यांच्या सावळ्या रंगावरून व मायेवरून त्यांना काळी आई म्हणत. चिनी खेडुतांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आपल्या मराठवाड्यात काळी आई म्हणजे जमीन. आपला शेतकरी ज्या नावाने आपल्या रानाला हाक मारतो त्याच नावाने सोलापूरच्या एका मुलाला हजारो मैलांवर हाक मारली जावी, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी त्या वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या को चिंग-लान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला; त्याचे नाव ठेवले यिनहुआ, त्यातला ‘यिन’ भारताचा आणि ‘हुआ’ चीनचा. पण दरम्यान प्रकृती ढासळत चालली होती. निकृष्ट अन्न, पायपीट, जागरणे. त्यातून अपस्माराचे झटके येऊ लागले. दुसरीकडे जाऊन उपचार घ्यावेत म्हणून वरिष्ठांनी सांगून पाहिले. ते गेले नाहीत. झटका येऊन गेला की पुन्हा शस्त्रक्रियेला उभे राहत. हा हट्ट योग्य होता का? मला तसे वाटत नाही. जो डॉक्टर दुसऱ्याच्या मोडक्या पायाला सक्तीची विश्रांती देतो त्याने स्वतःच्या देहाला थोडी विश्रांती दिली असती, तर आणखी वीस-तीस वर्षे कित्येकांना त्याचे हात लाभले असते. परंतु हे आज, पंख्याखाली बसून म्हणणे सोपे आहे.

त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहायला घेतले होते. सर्वसाधारण तत्त्वांचा पहिला भाग पुरा झाला होता. दुसरा, एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचा भाग लिहीत असताना ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटका आला आणि एकामागून एक येतच राहिला. ९ डिसेंबरच्या पहाटे तांग जिल्ह्यातील केकुंग या खेड्यात त्यांची प्राणज्योत मालवली. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

बसू १९४३ मध्ये एकटेच परत आले. यिनहुआही पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. १९६७ मध्ये पदवी हाती पडण्यापूर्वीच तोही गेला. को चिंग-लान अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या. मधल्या काळात दोन्ही देशांत १९६२ चे युद्ध झाले, तरी कोटणीसांचे नाव कुणी पुसले नाही. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापूरला त्यांच्या राहत्या घरी स्मारक झाले आहे. सोलापूरला दवाखान्याच्या कामासाठी जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते पाहावे. चीनमध्ये शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. त्याच आवारात बेथून यांची आहे. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते तेही आज त्याच शहरात पक्क्या इमारतींत चालू आहे.